वाचकांचे प्रश्न : लाखाचा आकडा ओलांडलेली मोटारसायकल

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मोटारसायकल हे पोटापाण्याचे साधन आहे. शाळा, शेत, दूध, भाजी, कारखाना यांसाठी ती वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर सहज धावते, त्यामुळे मीटरवर लाखाहून अधिक किलोमीटर झालेल्या गाड्या आपल्याकडे घरोघरी आहेत. अशा गाडीवर पैसे घालावेत की ती काढून टाकावी, हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे. निवडक पत्रांचा सारांश आणि त्यांना उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : माझी शंभर सीसीची गाडी २०१२ साली नवी घेतलेली असून तिचे १,४२,००० किलोमीटर झाले आहेत. बेळगावहून खानापूरला शाळेसाठी रोज जा-ये करतो. पूर्वी लिटरला साठ मिळत असे, आता पन्नासच्या आसपास मिळते आणि ऑइलही थोडे कमी होते. मिस्त्री म्हणतात, इंजिन उघडा, नाहीतर गाडी विकून टाका. काय करावे?
— एक शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : गुरुजी, मीटरवरच्या आकड्याला घाबरून निर्णय घेऊ नका. आपली गाडी सकाळी पंचवीस-सव्वीस किलोमीटर एका दमात धावते आणि संध्याकाळी तितकीच परत येते, म्हणजे बहुतेक अंतर ती पुरत्या तापलेल्या इंजिनावर कापते. इंजिनाची झीज सर्वांत जास्त होते ती थंड गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत, कारण तोपर्यंत ऑइल सगळीकडे नीट पोचलेले नसते आणि चोकमुळे जादा गेलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढते. बाजारपेठेत दिवसातून दहा-बारा वेळा सुरू करून दोन-दोन फर्लांगांवर बंद केलेली चाळीस हजार किलोमीटरची गाडी आपल्यासारख्या गाडीपेक्षा अधिक झिजलेली मी अनेकदा पाहिली आहे.

आपल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्याच तपासाव्यात. आधी ॲव्हरेजचे पाहू. इंधनात आता वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. या हिशेबाने निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची घट इंधनामुळेच येते, म्हणजे साठाचे छप्पन तिथेच झाले. उरलेली घट इंजिनाच्या बाहेरही असू शकते. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवा. ते दोन-तीन फेरे मोकळे फिरत नसेल तर ब्रेक लागून राहतो आहे किंवा चेन अवाजवी घट्ट आहे. टायरमधील हवा, एअर फिल्टर, प्लगची गॅप, घसरणारा क्लच आणि कार्बोरेटरची झिजलेली सुई, एवढे पाहून झाल्याशिवाय इंजिनाला हात लावू देऊ नका.

त्याच वेळी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातील फट, सेट करून घ्या, पण गाडी पूर्ण थंड असताना, शक्यतो रात्रभर उभी राहिल्यानंतर. टॅपेटचा बारीक टकटक आवाज आला की लोक अस्वस्थ होतात आणि मिस्त्रीही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी तो आवळून टाकतो. वस्तुतः थोडा आवाज करणारा टॅपेट निरुपद्रवी असतो आणि अजिबात आवाज न करणारा, जास्त आवळलेला टॅपेट घातक असतो, कारण मग व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो कडेने जळत जातो.

आता ऑइल. ‘थोडे कमी होते’ हे माप नव्हे. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, बरोबर एक हजार किलोमीटर चालवा आणि परत त्याच खुणेपर्यंत आणायला किती मिलिलिटर लागले ते मोजून वहीत लिहा. आपल्या गाडीत एकूण ऑइलच सुमारे एक लिटर असते. त्यातले शंभर मिलिलिटर गेले, तर एवढ्या धावलेल्या इंजिनाबाबत मी ते खुशाल सोडून देईन आणि दर रविवारी खूण पाहत जाईन. अडीचशे-तीनशे गेले, तर मात्र कारण शोधले पाहिजे. मधल्या काळात ऑइल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका, कारण ऑइल जळण्याने इंजिन हळूहळू झिजते, पण ऑइल संपल्याने ते एका दुपारी कायमचे जाते.

कारण बरेचसे धुरावरून कळते. सकाळी पहिल्या किकला निळसर धुराचा एक झोत येऊन मग तो थांबत असेल, किंवा लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खाली आल्यावर परत पीळ देताच निळा धूर निघत असेल, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील किंवा गाइड गेलेले असतात. हे तुलनेने कमी खर्चाचे काम असून त्यासाठी बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, हात लावावा लागत नाही. चढावर, दोघे बसलेले असताना, सलग निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्याकडे बोट जाते. काळा धूर हा ऑइलचा नव्हे, जादा पेट्रोलचा असतो. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ ही तर निव्वळ वाफ असते.

धुरावर समाधान होत नसेल तर कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजण्याचे मीटर, असलेल्या गॅरेजमध्ये जा. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारून आकडा घ्यायचा. मग प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून परत आकडा घ्यायचा. दुसऱ्या वेळी आकडा लक्षणीय वाढला, तर हवा रिंगांजवळून निसटत होती आणि ऑइलने ती वाट तात्पुरती बुजवली. आकडा होता तेवढाच राहिला, तर दोष व्हॉल्व्हमध्ये आहे. पंधरा मिनिटांच्या या परीक्षेने अनेकांची विनाकारण होणारी बोअर-पिस्टनची कामे वाचली आहेत, आणि तरीही ती फार थोड्या ठिकाणी केली जाते, याचे मला वाईट वाटते.

समजा रिंगाच निघाल्या आणि इंजिन उघडावेच लागले, तर त्या वेळी आपण स्वतः तिथे उभे राहावे. सिलिंडर काढल्यावर त्याच्या वरच्या टोकाच्या किंचित खाली आतून नख फिरवा. वरची रिंग जिथे थांबून उलट फिरते तिथे झीज सर्वांत जास्त असते आणि जुन्या बोअरमध्ये तिथे नखाला पायरी लागते. पिस्टन पिनच्या काटकोनात, म्हणजे पुढे आणि मागे, भिंतीवर दाबला जात असल्यामुळे बोअर गोल न राहता त्या दिशेने लांबट होतो. म्हणून तो वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी डायल गेजने मोजावा लागतो. माझ्या धंद्याच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर अशा लांबट बोअरमध्ये मी नुसत्या नव्या रिंगा बसवून दिल्या होत्या. नवी रिंग गोल आणि बोअर लांबट, त्यामुळे दोन्ही बाजूंना फट राहिली आणि तीन महिन्यांत धूर परत आला. ते पैसे मी परत केले, पण त्या माणसाची दोनदा झालेली खोटी मला भरून देता आली नाही.

बोअर मापात नसेल तर दोन वाटा असतात. एक म्हणजे तो पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरने वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन घालणे, आणि दुसरी म्हणजे पूर्ण सिलिंडर-किट बदलणे. पहिली वाट फक्त ओतीव लोखंडाची स्लीव्ह असलेल्या सिलिंडरला लागू पडते. काही गाड्यांच्या बोअरला आतून कठीण मुलामा असतो, तो बोअर करता येत नाही. बेळगावात हे काम करून घेणे सोपे आहे, कारण उद्यमबागेच्या फौंड्री आणि मशीनशॉपमध्ये तयार झालेले हात शहरभर आहेत आणि शतांश मिलिमीटरचे महत्त्व त्यांना समजावून सांगावे लागत नाही. एवढेच लक्षात ठेवा, की पिस्टन आधी विकत घेऊन बोअर करणाऱ्याच्या हातात द्यावा आणि त्या पिस्टनचे माप घेऊनच त्याने बोअर करावा. सिलिंडर निघालेलाच आहे, तर कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून पाहा. तो बाजूला थोडा हलला तर चालते, पण वर-खाली जराही खेळ जाणवला तर क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग संपत आले आहे आणि मग हिशेब बदलतो.

तो हिशेब असा. वरच्या कामाचा, म्हणजे हेड, बोअर, पिस्टन, टायमिंग चेन आणि क्लच प्लेट यांचा खर्च लेखी घ्या. तेवढ्या पैशांत भर घालून आपल्याला बाजारात जी जुनी गाडी मिळेल, तिचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसेल, तर या गाडीची तेरा वर्षे आपल्या डोळ्यांसमोर गेली आहेत. क्रँक ठीक असेल आणि चॅसी गंजलेली नसेल, तर मी आपल्या जागी असतो तर ही गाडी ठेवली असती. क्रँकही गेला असेल तर मात्र ठेवली नसती. नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतील आणि त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, ही गोष्टही हिशेबात धरावी.

प्रश्न : मी रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून शहरात येतो. चेन-किट दर नऊ-दहा हजार किलोमीटरला बदलावे लागते. मी दर आठवड्याला चेन आवळतो, जळके ऑइल सोडतो, तरीही असे का होते?
— एक दूध व्यावसायिक, येळ्ळूर

उत्तर : आपल्या पत्रात आपण दोन कारणे स्वतःच लिहिली आहेत. रिकाम्या गाडीवर चेन आवळली आणि मग कॅन चढवले की मागचे शॉकॲब्सॉर्बर दबतात, चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारी चौकट, वर येतो आणि चेनची उरलीसुरली ढील संपते. मग संपूर्ण ओझे घेऊन ती तारेसारखी ताणलेल्या अवस्थेत शहरापर्यंत पळते. अशी चेन स्वतः तर लांबतेच, पण गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंगही खाते, आणि तो खर्च चेनच्या कितीतरी पट असतो. म्हणून आपण चेन सेट करताना कॅन भरून, स्वतः गाडीवर बसून, दुसऱ्या माणसाला खालच्या बाजूची ढील पाहायला सांगा. त्या स्थितीतही मध्यभागी बोटभर वर-खाली खेळ राहिला पाहिजे.

जळके ऑइल अजिबात वापरू नका. त्यात इंजिनातून निघालेली काजळी आणि धातूचा चुरा असतो. वरून थापलेले ग्रीसही तितकेच वाईट, कारण ते रोलरच्या आत जात नाही आणि बाहेर राहून शिवारातील मातीला धरून ठेवते. माती आणि ग्रीस यांचे मिश्रण म्हणजे कानस. पंधरा दिवसांतून एकदा रॉकेल आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने चेन धुवा, कापडाने कोरडी करा आणि गाडी फिरून आल्यावर चेन कोमट असतानाच नव्वद नंबरचे गिअर ऑइल खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडा. चाक फिरते तसे ते आपोआप बाहेरच्या अंगाला झिरपते. दहा मिनिटांनी वरचे जादा ऑइल पुसून टाका. गाडीला मूळचे पूर्ण चेनकव्हर असेल आणि ते काढून ठेवले असेल, तर परत बसवा.

चेन खरोखर संपली की नाही, हे मोजून ठरवा. आपल्या वर्गातील गाड्यांना बहुधा ४२८ क्रमांकाची चेन असते आणि तिच्या शेजारच्या दोन पिनांमधले अंतर १२.७ मिलिमीटर असते. चेन ताणून धरून पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजले तर नव्या चेनचे माप २५४ मिलिमीटर येते. ते २५९ झाले की चेन दोन टक्के लांबली आणि तिचे आयुष्य संपले. पुढच्या आणि मागच्या चक्रीचे दात वाघनखासारखे एका बाजूला वाकलेले दिसले, तर नवी चेन एकटी घालण्यात अर्थ नाही, कारण जुने दात नव्या चेनला आपल्या मापाचे करून सोडतात. तिन्ही वस्तू एकदम बदलाव्यात.

ओझ्याच्या गाडीचे आणखी एक पाहावे. मागच्या चाकाच्या आऱ्यांवर पान्याने हलकेच एकेक टोला देत जा. घट्ट आरा टणत्कार देतो, सैल आरा बद्द वाजतो. एक सैल आरा शेजारच्या दोघांवर भार टाकतो आणि मग ते तुटू लागतात.

प्रश्न : कणकुंबीकडे घर असल्यामुळे पावसाळ्यात रोज चोर्ला रस्त्याने जावे लागते. ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट, दह्यासारखा थर दिसतो. इंजिनात पाणी गेले का?
— एक वाचक, कणकुंबी

उत्तर : झाकणाला पातळ थर आणि खाली ऑइल मात्र स्वच्छ असेल, तर तो दमट हवेतील बाष्पाचा परिणाम आहे. वीस-पंचवीस किलोमीटरच्या एका सलग फेरीत तो बहुधा उडून जातो. पण ऑइल पाहायच्या काचेतून किंवा काडीवर सगळेच ऑइल दुधाळ दिसले, तर पाणी आत गेले आहे आणि गाडी तशीच न चालवता ऑइल त्याच दिवशी बदलले पाहिजे. आपल्या भागात पाऊस सरल्यावर, किलोमीटर किती झाले ते न पाहता, ऑइल बदलावेच. सोबत दोन्ही ब्रेक उघडून साफ करून घ्यावेत आणि चाकांची बेअरिंग हाताने फिरवून पाहावीत. तिथली तांबडी माती पाण्याबरोबर फार आतपर्यंत जाते.

प्रश्न : कारसाठी आणलेले चांगल्या प्रतीचे ऑइल उरले आहे. ते मोटारसायकलला चालेल का?
— एक कारागीर, उद्यमबाग

उत्तर : नाही. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या अनेक ऑइलांमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असतात, त्यामुळे क्लच घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ असे लिहिलेलेच ऑइल घ्यावे. जाडी कंपनीच्या पुस्तिकेत दिली असेल तीच ठेवावी. गाडी जुनी झाली म्हणून आपल्या मनाने घट्ट ऑइल घालू नये.

प्रश्न : निपाणीत एक एमएच ०९ पासिंगची गाडी विकाऊ आहे. मीटरवर ४५,००० किलोमीटर दिसतात. आकड्यावर विश्वास ठेवावा का?
— एक नोकरदार, निपाणी

उत्तर : आकड्यापेक्षा हात-पाय जिथे लागतात त्या जागांवर विश्वास ठेवा. ब्रेक पॅडलच्या कडा, पायठेवणीचे रबर, हँडलची मूठ, किल्लीचे दात यांची झीज लपवणे कठीण असते आणि रबर बदलले असेल तर तेही लगेच दिसते. जुन्या गाड्यांच्या मीटरची केबल पुढच्या चाकापासून येते, ती काढून ठेवली की मीटर थांबते. पुष्कळदा ती तुटून वर्षभर तशीच राहिलेली असते आणि मालकाने काही लबाडी केलेली नसते. पुढे डिस्क असेल तर तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजा. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा. सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, गेला आहे.

गाडी पाहायला सकाळी लवकर, न कळवता जा आणि सुरू करण्यापूर्वी इंजिनाला हात लावून पाहा. ते कोमट असेल तर आपण येण्याआधी ती कोणीतरी सुरू केली होती आणि पहिल्या किकचा धूर आपल्याला दिसणार नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी परत यावे.

कागदपत्रांचा खर्च किमतीत धरा. दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची असेल तर नव्या क्रमांकासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो आणि कर्नाटकचा रस्ता कर भरावा लागतो. ना-हरकतीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्याच्या सहीनिशी तयार असल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांची फसगत इंजिनापेक्षा या कागदांतच जास्त होते.

प्रश्न : वडील तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांची २००८ सालची गाडी तेव्हापासून अंगणात झाकून उभी आहे. फक्त २२,००० किलोमीटर झाले आहेत. मला ती स्वतः चालवायची आहे. सुरू करून पाहावी का?
— एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, आज किक मारू नका. या अंकातील सगळ्या गाड्यांमध्ये कमी धावलेली गाडी आपली आहे आणि सर्वांत जपून हाताळावी लागेल तीही आपलीच, कारण उभ्या गाडीत ऑइल भिंतींवरून ओघळून खाली जाते आणि कोरड्या बोअरवर रिंगा जिथे टेकल्या असतील तिथे गंजाची बारीक रेघ उमटते. तशीच किक मारली तर ती रेघ रिंगांना ओरबाडते.

प्रथम प्लग काढून छिद्रातून दोन चमचे स्वच्छ इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच किक हाताने हळूहळू दाबून पाहा. ती मोकळी उतरली तर दहा-बारा वेळा तशीच फिरवा. अडली तर जोर लावू नका आणि पुढचे काम मिस्त्रीवर सोपवा. टाकीतील सगळे पेट्रोल काढून टाका, टाकीत टॉर्च मारून गंज आहे का ते पाहा, कार्बोरेटर उघडून धुऊन घ्या. इथेनॉल पाणी शोषते आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात, त्यामुळे तीन वर्षांच्या पेट्रोलने कार्बोरेटरच्या वाटीत हिरवट-पांढरा गाळ धरलेला असण्याची शक्यता मोठी आहे. पेट्रोलची नळी आणि रबरी भाग नवे घाला. इंजिन ऑइल बदला. बॅटरी नवीच लागेल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. नक्षी कितीही खोल असली तरी एवढे जुने टायर बदलावेत. एअर फिल्टरच्या पेटीत उंदराचे घरटे नाही ना, तेही पाहा. अंगणातल्या गाड्यांत ते हमखास सापडते.

कागदांचे काम गाडीच्या कामाआधी सुरू करा. नोंदणीची मुदत २०२३ मध्ये संपली आहे. वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५ लागतो. मृत्यूचा दाखला, मूळ नोंदणी पुस्तक आणि इतर वारसांची संमती जवळ ठेवा. विमा आणि नूतनीकरण होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

ती सुरू झाली की पहिली दहा मिनिटे जागेवरच हलक्या ॲक्सिलरेटरवर चालू द्या. आत सोडलेले ऑइल जळत असल्यामुळे सुरुवातीला बराच निळा धूर येईल, त्याला घाबरू नका. तो ओसरल्यावर बंद करून थंड होऊ द्या आणि खाली कुठे ऑइल गळते आहे का, ते पाहा. दोनशे किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा एकदा बदला. काढलेले ऑइल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात धरावे; त्यात धातूची चमक दिसली नाही तर वडिलांची गाडी आपल्याला अजून खूप वर्षे वापरता येईल.